बेडकाची विजार

...उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आणि त्या चिरेत एक काळी रेघ. गुळगुळीत कागदावर ती रेघ इतकी स्पष्ट छापली गेली होती, की लुइझाने नकळत आपलं बोट तिच्यावरून घासलं — पुसली जाईल की काय असं वाटून. रेघ तशीच राहिली. आईचं नख. बीव्हरचं कातडं सोलताना सुरी घसरली होती म्हणे. लुइझा तेव्हा घरी नव्हती, दूरच्या शाळेत होती, घरी आली तेव्हा नख असंच होतं आणि पुढेही असंच वाढत राहिलं. बाकी आई त्या फोटोत नव्हतीच. मनगटापर्यंत दोन हात, हातांत ते पान — सुरईसारखं फुगीर, तांबड्या शिरांचं — आणि खाली बारीक टायपात : 'गावातील एका वृद्ध स्त्रीचे हात'.

नऊ वर्षांनी एवढंच.

नाव छापायचं नाही हे तेव्हाच ठरलं होतं. तसा कागद होता, त्यावर आईने आपल्या लिपीतल्या त्रिकोणी अक्षरांत सही केली होती, आणि त्या कागदावरचं इंग्रजी तिला समजावून सांगितलं होतं लुइझानेच. मग आता कुणावर रागवायचं?... तिने पुस्तिका पालथी घातली. बोटाला सुई टोचली. साखर इथल्या मापात नऊ पॉइंट चार. बरी म्हणायची. दोन गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. लुइझा गोळ्या कधी चुकवत नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात कधीच काही चुकवलं नाही असं सांगता आलं असतं तर... पण ते राहू दे.

दुपारी एक वाजता हॉलमध्ये प्रयोगाचा निकाल सांगायचा होता. डॉक्टर गार्नो काल संध्याकाळच्या विमानाने आली होती, उद्या सकाळच्या विमानाने परत जाणार होती, आणि तिच्या तोंडचं इंग्रजी गावाच्या भाषेत आणायचं काम नेहमीप्रमाणे लुइझाचं होतं. पुस्तिका तिला दोन दिवस आधी मिळाली होती, तयारीसाठी. तिने ती पूर्ण वाचली होती. अकरावं पान चार वेळा. चारही वेळा तिथे तेच छापलेलं होतं.

खिडकीबाहेर नदी अजून पुरती गोठली नव्हती. कडेला बर्फाची साय, मधे काळं पाणी. या दिवसांत पूर्वी सगळी माणसं आपापल्या शिकारीच्या मुलखाकडे निघालेली असत. आता निम्मं गाव दवाखान्याच्या तारखा सांभाळत घरी बसतं. आईच्या लहानपणी हा आजार नव्हताच, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. पुढे 'साखर' हेच आजाराचं नाव झालं. याला साखर आहे, तिला साखर लागली, त्याला साखरेने नेलं.

गार्नो पहिल्यांदा आली तेव्हा तिने आजाराचं नाव घेतलं नव्हतं, ही तिची हुशारी. तिने विचारलं होतं, तहान फार लागते त्याला काय देता? पायाची जखम बरी होत नसेल तर? आईने तिसऱ्या दिवशी दलदलीत नेऊन ते झाड दाखवलं. आयिगादाश. बेडकाची विजार. लुइझाने अर्थ सांगितला तेव्हा गार्नो मोठ्याने हसली होती, चिखलात बूट रुतला म्हणून लुइझाच्या खांद्याचा आधार घेत हसली होती, आणि लुइझाही हसली होती — किती वर्षांनी तशी हसली होती कोण जाणे. पानं शहरात गेली, वाळली, दळली गेली, प्रयोगशाळेत उंदरांच्या पोटात गेली, आणि दोन वर्षांनी नंबर घातलेल्या पांढऱ्या पुड्या होऊन परत आली. गावातल्या चौदा माणसांनी बारा आठवडे रोज एका पुडीचा काढा करून प्यायचा, आणि दवाखान्याच्या गोळ्याही चालू ठेवायच्या. ही अट मोठ्या अक्षरांत होती. गोळ्या थांबवायच्या नाहीत.

आणि दर गुरुवारी लुइझाने घरोघर जायचं. रक्ताचा थेंब घ्यायचा. विचारायचं : काढा घेतला? गोळ्या घेतल्या? दोन रकाने. होय, होय.

नावं दिलेल्या वीस जणांतून चौदा निवडले गेले, नंबर मात्र मूळ यादीतलेच राहिले. सतरा नंबर म्हणजे सिमियन. तिचा धाकटा भाऊ.

तिसऱ्या गुरुवारी ती त्याच्या गाडीत पाना शोधत होती, तर अवजारांच्या डब्यात गोळ्यांच्या तीन बाटल्या. एकीचंही सील तोडलेलं नाही.

"अरे, हे काय?"

"ताई, ओरडू नकोस. त्या गोळ्यांनी पोट बिघडतं माझं. जाळी टाकायला बोटीतून जायचं, की दर घटकेला किनाऱ्याला लावून झुडूप शोधायचं?"

"मग तसं डॉक्टरीणबाईंना सांग."

"सांगितलं की नाव कापणार माझं. आणि आई काय म्हणेल? स्वतःचा मुलगाच गळाला म्हणेल." मग हळूच म्हणाला, "साखर किती आली आज, ते तर बघ."

चौदा असायची. त्या दिवशी दहा होती.

लुइझाने लिहिलं, होय. गोळ्या घेतल्या — होय. पेनाची शाई नीट उतरत नव्हती म्हणून दोनदा गिरवलं, हेसुद्धा तिला आठवतं. पुढच्या गुरुवारी होय, त्याच्या पुढच्या गुरुवारी होय... सहाव्या आठवड्यात नऊ, नवव्यात आठ, शेवटच्या गुरुवारी सात. बाकी तेरा जणांची साखर आहे तिथेच घोटाळत होती, आणि हा एकटा प्रवाहाला लागलेल्या नावेतल्यासारखा खाली खाली उतरत होता, आणि लुइझा रात्री अंथरुणात पडून त्या आकड्यांनी आतून उजळून निघायची. का? भाऊ बरा होत होता म्हणून?... तसं म्हणता आलं असतं. पण स्वतःशी तरी खोटं कशाला. सहाव्या वर्षी तिला त्या दूरच्या शाळेत ज्यांनी उचलून नेलं, तिची वेणी कापली, तिच्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघाला की हातावर पट्टी मारली, त्या माणसांच्या भाषेत, त्यांच्या कागदावर, छापील अक्षरांत एकदा तरी यावं की तुझी आई बरोबर होती — हे तिला हवं होतं. सिमियनच्या रक्तापेक्षा जास्त हवं होतं. हे तिला तेव्हाही माहीत होतं.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. पुड्या संपल्या. त्याच्या पुढच्या वर्षी आई पायरीवर घसरून खुब्यात मोडली आणि तिचं दलदलीत जाणं बंद झालं. सिमियनने काढाही सोडला, गोळ्याही सुरू केल्या नाहीत, तो रस्त्याच्या कामावर लागला, गाडीत कोलाचे डबे खणखणायला लागले. बुटात पाय घासला होता म्हणे. त्याला कळलंच नाही, पायात जाणीवच उरली नव्हती. मोजा काढला तेव्हा अंगठा काळा होता. विमानाने शहरात नेलं आणि तिथे पाय गुडघ्याखाली कापला.

आणि दवाखान्याच्या फायलीत लुइझाच्या अक्षरात लिहिलेलं होतं : गोळ्या नियमित घेतो.

*

आईला आणायला ती गेली तेव्हा आई कोट घालून दाराशीच खुर्चीवर बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची, मांडीवर फुलाफुलांचा रुमाल, डोळे दाराकडे.

"उशीर केलास."

"अजून अर्धा तास आहे, आई."

"तुझ्या घड्याळात असेल."

गाडी पुलाशी आल्यावर आई म्हणाली, "ती बाई म्हातारी झाली असेल." लुइझा म्हणाली, "झाली असेल." आणि मनात म्हणाली, सांगून टाक. आत्ता, हॉल यायच्या आत. सांग, की आई, तुझं औषध आज हरणार आहे, आणि ते मी हरवलंय. तिने गिअर बदलला. हॉल आला.

आत खुर्च्या मांडल्या होत्या आणि भिंतीशी टेबलावर साखर घोळलेल्या डोनटांचे चार खोके. कुणी मागवले होते देव जाणे. म्हातारा सॅमसन त्यांच्यापाशीच उभा होता, सुजलेल्या पायांत सपाता, हातात डोनट.

"साखरेचा निकाल आहे, मग साखर नको?" तो लुइझाला म्हणाला. "तू अशी बघू नकोस माझ्याकडे. मला दवाखान्यातल्या नर्सबाई आठवतात."

"गोळ्या घेतल्यात का, काका?"

"तुझ्या आईच्या झाडाचा निकाल लागू दे. मग ठरवतो गोळ्यांचं काय करायचं ते. खिडकीतून फेकायला एक मिनिट लागतं."

आजूबाजूचे हसले. लुइझाही हसली.

सिमियन चाकाच्या खुर्चीतून आला. नकली पाय त्याला टोचतो, तो घरीच ठेवतो. पँटचा डावा पाय दुमडून पिन लावलेली. पुस्तिकेवरचं चित्र बघून म्हणाला, "बेडकाला अख्खी विजार आणि मला अर्धी. कुठला न्याय हा, आई?" आईने त्याच्या पायावर चापट मारली. उरलेल्या.

गार्नो खरंच म्हातारी झाली होती. तिने आधी लुइझाला मिठी मारली, मग वाकून आईचे दोन्ही हात हातात घेतले — आणि ते खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं. ती वाईट बाई असती तर लुइझाला कितीतरी सोपं गेलं असतं. तिने नऊ वर्षं पैशांसाठी अर्ज केले होते, दोनदा प्रयोग बंद पडता पडता वाचवला होता, आणि आता जे होतं ते सरळ सांगायला ती हजार मैल आली होती.

गार्नो एक वाक्य बोलायची, थांबायची. लुइझा माइक तोंडाशी धरून ते आपल्या भाषेत सांगायची. पाच पानं, सात पानं. उंदरांमध्ये पानाचा गुण दिसला. माणसांमध्ये काढ्याने कुणाला अपाय झाला नाही. मग अकरावं पान आलं.

"चौदा जणांचा सरासरी आकडा थोडा उतरला," गार्नो म्हणाली, "पण नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की तो एकाच माणसामुळे उतरला होता. नंबर सतरा. आणि प्रयोग सुरू होण्याच्या आठवड्यातच त्या माणसाचा गोळ्यांचा डोस वाढवलेला होता. त्याने गोळ्या एकदाही चुकवल्या नाहीत, तशी नोंद आहे. म्हणजे त्याचा फायदा गोळ्यांचा धरावा लागतो. तो बाजूला काढला, तर काढ्याचा परिणाम दिसत नाही. याचा अर्थ औषध खोटं, असा नाही. आम्हाला ते दाखवता आलं नाही, इतकाच."

थांबली. लुइझाकडे पाहिलं. आता तिची पाळी.

...त्या क्षणी हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कुणाचं तरी पोर रडायला लागलं, आणि माइक हातात धरून लुइझाला वाटलं, हे सगळं फार लांबून ऐकू येतंय. तशी नोंद आहे. दोनदा गिरवलेली. जिंकायला म्हणून जो शब्द लिहिला, त्या शब्दानेच आईला बाजूला काढलं. खरं लिहिलं असतं — गोळ्या घेत नाही — तर नियमाने सिमियनचं नाव कापलं असतं, हो, पण कुठेतरी तळटीपेत तरी राहिलं असतं, की एक माणूस होता, नुसत्या काढ्यावर होता, आणि त्याची साखर चौदावरून सातवर आली... आत्ता सांगू? गार्नो समोर आहे. माइक हातात आहे. आणि तिसऱ्या रांगेत सॅमसन आहे, सुजलेल्या पायांचा, गोळ्या फेकायला एक निमित्त शोधणारा, त्याच्यामागे त्याच्यासारखे वीस. नुसत्या काढ्याने उतरली म्हटलं की संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाच्या बाटल्या कचऱ्यात. आणि पुढच्या हिवाळ्यात कुणाकुणाचे मोजे काढायचे?

तिने सांगितलं. गार्नो जे बोलली ते, शब्दाला शब्द. आयुष्यात इतकं प्रामाणिक भाषांतर तिने कधी केलं नसेल.

सॅमसन पहिला बोलला : "म्हणजे विजार फाटली म्हणायची!"

लोक हसले. ज्यांच्या आया-आज्यांनी त्याच पानाच्या पाण्याने जखमा धुतल्या होत्या ते हसले, आणि ते हसणं चेष्टेचंही नव्हतं, ती जुनी सवय होती — धरण झालं तेव्हाही असेच हसले होते, पाण्यात पारा आहे, मासे खाऊ नका, असं सांगायला माणसं आली तेव्हाही. आईही गालातल्या गालात हसली. फक्त सिमियन हसला नाही. खुर्ची जरा पुढे ढकलून तो लुइझाच्या कोपराशी आला आणि हलकेच म्हणाला,

"ताई, सतरा म्हणजे मीच ना?"

"गप बस."

"नाही, पण मी तर..."

"सिमियन. गप."

तो गप्प बसला. लहानपणी ती शाळेतून सुटीला यायची तेव्हा बसायचा तसा — ही कोण बाई आपल्या घरात आली आहे, अशा नजरेने पाहत.

शेवटी गार्नोने विचारलं, "लुइझा, तुला काही सांगायचंय? या माणसांना तुझ्याइतकं कुणी ओळखत नाही."

"नाही," लुइझा म्हणाली. इंग्रजीत.

*

आईच्या स्वयंपाकघरात कोट न काढताच ती बसली. आईने केटल ठेवली, बॅनक भाकरीचा एक जाड तुकडा तव्यावर गरम केला, वर हंसाची चरबी लावली आणि तिच्यापुढे सरकवला. चार वाजत आले होते, उजेड निळसर व्हायला लागला होता. आता सांगितलं नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं — हे असं तिला सात वर्षांत पुष्कळदा वाटून गेलं होतं — आणि मग ती बोलायला लागली. डब्यातल्या तीन बाटल्या. होय. होय. अकरावं पान. आई चहाच्या भांड्यात पाणी ओतत होती, तिचा हात मधे थांबला नाही.

"माहीत आहे," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"गोळ्या घेत नव्हता ते. मला काय डोळे नाहीत? घे म्हटलं होतं मी त्याला. ऐकतो का कुणाचं."

"आणि तरी त्याची साखर उतरली, आई. नुसत्या काढ्याने..."

"कसला काढा?" आई आता तिच्यासमोर बसली. "त्या पांढऱ्या पुड्या? त्या मी चुलीत घातल्या."

लुइझाला हसू आलं. खरंच आलं, घशातून एक विचित्र आवाज निघाला. सतरा नंबरापुढे बारा आठवड्यांत जे जे लिहिलं होतं त्यातला एक शब्द खरा नव्हता. काढा — होय. गोळ्या — होय.

"सगळ्या?"

"सगळ्या. भुगा होता तो नुसता. कुठल्या झाडाचा, कुणी काढला, कुणासाठी काढला, काही कळत नव्हतं. मी त्याला दलदलीत घेऊन जायचे. रोज सकाळी. दोन तास जायला, दोन तास यायला, आणि धाप लागायची त्याला, रडायचा. झाडाला तंबाखू ठेवायचा, मग स्वतःच्या हाताने पान काढायचा, तिथेच उकळून प्यायचा. मासे धरायचे, खायचे, परत चालायचं. म्हणून उतरली. आणि मी हे सगळं त्या बाईला अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"ज्याला आजार त्याने जायचं. पान नुसतं आणून प्यायचं नाही. पान हे..." — आणि आईने एक शब्द वापरला. लांब, मधे एक श्वास घ्यावा लागेल असा. लुइझाने तो कुठेतरी ऐकला होता. त्याचा अर्थ तिला आत्ताही नीट लागला नाही. चालण्याचं शेवटचं टोक, असं काहीतरी. किंवा वाटेने दिलेलं. "मी इतकं बोलले," आईने दोन्ही हात फाकले, "आणि तू तिला इतकंसं सांगितलंस." अंगठा आणि बोट, मधे तांदळाएवढी फट.

मग लुइझाला दिसलं. हेच टेबल होतं. मधोमध टेपरेकॉर्डर, त्याचा लाल दिवा. आई बोलत होती, बोलत होती, आणि मधे तो शब्द आला आणि लुइझा अडली. 'आई, याचा अर्थ काय' असं विचारायला एक क्षण लागला असता. पण गार्नो समोर बसली होती, पेन सरसावून, विश्वासाने, आणि आपल्याच भाषेतला शब्द आपल्याला येत नाही हे त्या बाईसमोर... शाळेत नसती गेली तर आला असता. सहाव्या वर्षी नसती गेली तर. ती हसून म्हणाली होती, "आई म्हणते, पान उकळून प्यायचं."

गार्नोने लिहून घेतलं होतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" तिचा आवाज चढला. आईशी या आवाजात ती कधी बोलली नव्हती. "नऊ वर्षं, आई! पुड्या आल्या, माणसांनी प्यायल्या, सिमियनचा पाय गेला... तू मला एकदा थांबवायचं होतंस. चुकलीस म्हणायचं होतंस!"

आईने बशीतला चहा फुंकला.

"तू खूश होतीस," ती म्हणाली. "त्या बाईबरोबर बोलताना हसायचीस. शाळेतून आल्यापासून माझ्या घरात तू कधी हसली नव्हतीस. मी म्हटलं, असू दे."

बाहेर कुणीतरी स्नोमोबील सुरू करून पाहत होतं; बर्फ अजून पुरेसा नव्हता, इंजिन घरघरायचं आणि बंद पडायचं. आईने रुमालाने टेबलावरचे कण गोळा केले. लुइझा बसून राहिली. अतिथिगृहात गार्नोच्या खोलीत या वेळी दिवा लागला असेल. पायी गेलं तरी दहा मिनिटं. शहरात कुठल्यातरी कपाटात ती टेप असेल, तिच्यावर आईचं सगळं बोलणं असेल, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्यापैकी एकालाही ते कळत नसेल. हे सांगता येईल. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे नीट मांडलं तर... पण ती ते मांडत नव्हती. सात वर्षं जो अपराध तिने एका जागी, एका रकान्यात, घट्ट दाबून ठेवला होता, तो तिथे नव्हताच, असं आता कळत होतं, आणि त्याच्या रिकाम्या जागेत राग चढत होता. शाळेवर नाही, गार्नोवर नाही. त्या रागांची तिला सवय होती. हा समोर बसून चहा फुंकणाऱ्या या म्हातारीवरचा होता, जिने आपल्याला हसताना पाहण्यासाठी एवढं सगळं वाहून जाऊ दिलं. इतकं कुणी कुणाला द्यावं? आणि न विचारता? तिला उठून भांडावंसं वाटत होतं, आदळआपट करावीशी वाटत होती, सहा वर्षांच्या पोरीने करावी तशी — जी तिने त्या वयात केली नव्हती, कारण त्या वयात समोर आई नव्हती.

"खा," आई म्हणाली. "थंड होतंय."

तिने खाल्लं नाही. उठलीही नाही.